हरवलेल्या श्वानाचा शोध आणि नकोशा श्वानाची सोडचिठ्ठी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा कडकडाट सुरू झाला, की शहरांच्या गल्ल्यांतून आणखी एक धावपळ सुरू होते. दार किलकिले राहिलेले असते; बिथरलेला कुत्रा जिना उतरतो आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. अर्ध्या तासाने घरातील मंडळी रिकामा पट्टा हातात घेऊन रस्ते पालथे घालू लागतात. उजाडेपर्यंत तो सापडला नाही, तर पुढचा प्रश्न उभा राहतो : आता जायचे कुठे? पोलिस ठाण्यात, महापालिकेच्या विभाग कार्यालयात, की प्राण्यांच्या इस्पितळात?

याच्या अगदी उलट प्रसंगही घडतो. कुणाची परगावी बदली होते, कुणी परदेशी स्थायिक होण्यास निघते, तर कुठे कुत्र्याला जीव लावणारे आजोबा वारतात आणि मागे राहिलेल्यांना त्याचे करणे झेपत नाही. कुत्रा कुणाला तरी द्यायचा आहे, पण जायचे कुठे?

इंग्लंड-अमेरिकेत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा एकाच दिशेने जाते. स्थानिक संस्थेचा, किंवा तिच्यासाठी काम करणारा, प्राण्यांचा सार्वजनिक निवारा तेथे असतो. हरवलेला कुत्रा तेथे सापडतो आणि नकोसा झालेला कुत्रा तेथे सोपविता येतो. आपल्याकडे ‘निवारा’ हा शब्द आता सर्वतोमुखी झाला असला, तरी ही दोन्ही कामे त्याच्याकडे कायद्याने स्पष्टपणे सोपविलेली नाहीत. भारतातील सारी व्यवस्था उभी राहिली ती बिनमालकाच्या कुत्र्यासाठी. मालक असलेला कुत्रा तिच्यात शिरतो तो चुकून, आणि एकदा शिरला की तो ‘मालकाचा’ आहे हे सिद्ध करण्याचा भार सर्वस्वी मालकावर पडतो.

आठ आणे आणि पांजरपोळ

वास्तविक या विषयाचा इतिहास मुंबईपासूनच सांगावयास हवा. कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबईत ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघत असे आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. साहजिकच शिपायांची नजर मोकाट कुत्र्यांपुरती राहिली नाही. घराच्या आवारातून पाळलेली कुत्रीही ओढून नेली जातात, अशी तक्रार होऊ लागली. १८३२ साली मोहिमेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा असंतोषाचा भडका उडाला. पारशी समाजाच्या अंत्यविधीत कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, जमाव कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीचा रोजचा पुरवठा अडला. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही त्या हरताळात होते. इतिहासात हा प्रसंग मुंबईची ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदला गेला आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. आज पांजरपोळ म्हटले की गायी-गुरे डोळ्यांसमोर येतात. पण या पांजरपोळाच्या जन्मामागे रस्त्यावर मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न होता, ही गोष्ट पुष्कळ मुंबईकरांनाही ठाऊक नसते. लंडनमध्ये मेरी टिल्बी या बाईंनी हॉलोवे भागात ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर’ उघडले ते १८६० साली. ते १८७१ मध्ये बॅटर्सी येथे गेले आणि त्याच नावाने जगप्रसिद्ध झाले. म्हणजे कुत्र्याला आसरा देण्याच्या कामी मुंबई लंडनच्या पाव शतक पुढे होती. फरक होता तो उद्देशात. पांजरपोळाने जीव वाचविला आणि आजन्म सांभाळण्याचे व्रत घेतले. लंडनच्या घराच्या नावातच ‘हरवलेला’ आणि ‘तात्पुरते’ असे दोन शब्द होते. कुत्र्याला कुणीतरी मालक आहे किंवा मिळणार आहे, हे तेथे गृहीत होते. पुढील दीडशे वर्षांचा फरक या दोन शब्दांतच सामावलेला आहे.

अमेरिकेतील सुरुवात मात्र क्रूर होती. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात कोंडून ईस्ट नदीत बुडविली जात. १८९४ साली हे काम शहराने तेथील प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेकडे सोपविले, तेव्हा कोठे त्या प्रकाराला आळा बसला.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या कोंडवाड्यांचा कायदा केला. शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे, सात दिवसांत कुणी आले नाही तर जाहीर नोटीस लावावी आणि त्यानंतर आणखी सात दिवसांनी लिलाव करावा, अशी त्यात रीतसर पायरी आहे. या कायद्याने ‘गुरे’ या शब्दात कशाकशाचा समावेश केला आहे, हे पाहणे मनोरंजक ठरेल. हत्ती आहे, उंट आहे, गाढव, खेचर, डुक्कर, शेळी-मेंढी, करडूसुद्धा आहे. कुत्रा नाही. हत्ती हरवला तर तो कोणत्या मुदतीत सोडवावा हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरले. कुत्रा हरवला तर काय, हे त्या कायद्याने सांगितले नाही.

सात दिवसांचा हिशेब

इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने ही गोष्ट चोख बांधून दिली आहे. प्रत्येक स्थानिक परिषदेने मोकाट कुत्र्यांसाठी एक अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याने कुत्रा ताब्यात घेतला आणि गळ्यातील पट्ट्यावर मालकाचा पत्ता असला, तर मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. सात दिवस कुत्रा सांभाळावा लागतो. प्रत्येक कुत्र्याची नोंद एका वहीत ठेवावी लागते आणि ती वही कोणत्याही नागरिकाला विनामूल्य पाहता येते. मालक आला तर त्याने २५ पौंडांची ठरीव रक्कम आणि शिवाय सांभाळाचा खर्च भरावा. तो भरल्याविना कुत्रा परत मिळत नाही. सात दिवस उलटले की मालकाचा हक्क संपुष्टात येतो. कुत्रा दुसऱ्या घरी देता येतो, निवाऱ्याकडे सोपविता येतो किंवा त्याला मरणही देता येते. मात्र प्रयोगशाळेतील चिरफाडीसाठी तो विकता वा देता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट बजावले आहे. रस्त्यात सापडलेला कुत्रा ज्याला सापडला त्यालाच ठेवावासा वाटला तर तीही सोय आहे. पण त्याने किमान २८ दिवस तो सांभाळला पाहिजे.

२००८ सालापर्यंत हे काम पोलिस आणि परिषदा मिळून करीत. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ते सर्वस्वी परिषदांकडे आले. कुत्रा हरवलेला माणूस आजही सवयीने आधी पोलिसांना दूरध्वनी करतो, ही गोष्ट निराळी! एप्रिल २०१६ पासून इंग्लंडमध्ये आठ आठवड्यांहून मोठ्या प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसविणे सक्तीचे आहे. न बसविणाऱ्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

अमेरिकेत हा कायदा राज्याराज्यांत बदलतो. कॅलिफोर्नियात १९९८ साली झालेल्या हेडन कायद्याने मुदत वाढविली. मोकाट सापडलेला कुत्रा कामाचे सहा दिवस ठेवावा. निवारा आठवड्यातील एका संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी उघडा राहत असेल तर चार दिवस पुरेत. ही सवलत विचारपूर्वक दिलेली आहे. कारण नोकरदार माणसाला निवाऱ्यात जाता येईल अशी वेळच नसेल, तर मुदत कितीही असली तरी ती कागदावरच राहते. पहिले तीन दिवस फक्त जुन्या मालकासाठी राखीव असतात. त्यानंतर मालक आणि नवा इच्छुक या दोघांनाही दार उघडे असते.

मुदत इतकी तोकडी का, असा प्रश्न कुत्रा हरवलेल्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर पिंजऱ्यांच्या संख्येत आहे. रोज नवे कुत्रे येत राहतात आणि पिंजरे वाढत नाहीत. एका कुत्र्याला दिलेला आठवा दिवस दुसऱ्याच्या पहिल्या दिवसातून कापून द्यावा लागतो.

मालकाने स्वतः आणून सोडलेल्या कुत्र्याची गोष्ट आणखी कठीण. मोकाट कुत्र्याला मुदत मिळते, कारण त्याचा मालक कुठेतरी त्याला शोधत असेल अशी शक्यता असते. मालकाने स्वतःच सही करून हक्क सोडला, की ती शक्यता संपते आणि अनेक ठिकाणी तिच्याबरोबर मुदतही. कॅलिफोर्नियाने अशा कुत्र्यालाही तेवढेच दिवस दिले आहेत, पण सर्वत्र तसे नाही. सोडचिठ्ठीचा हा कागद दिसायला पानभर असतो. परंतु त्यावरील सहीनंतर दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन मालक परत आला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो एक परका इच्छुक असतो.

आपल्याकडचा तिसराच मार्ग

मुंबई महापालिकेने पकडलेली कुत्री मारण्याची पद्धत १९९४ च्या सुमारास थांबविली आणि निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी देशभर नियम केले. त्यांची जागा १० मार्च २०२३ रोजी नव्या नियमांनी घेतली. तत्त्व दोन्हींत एकच आहे : कुत्रा पकडा, त्याची नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, ओळखीसाठी कानाला खाच पाडा आणि जिथून उचलला तिथेच परत सोडा. पाळीव कुत्र्यांविषयी नियमांत फारसे काही नाही. त्याची नसबंदी, लस आणि परवाना ही मालकाची जबाबदारी, एवढे सांगून नियम पुढे सरकतात.

याचा व्यवहारातील अर्थ ध्यानी घ्यायला हवा. कुत्री पकडणारी गाडी वस्तीत येते, तेव्हा कामगारांपाशी पाहण्यासारखी खूण एकच असते : गळ्यातला पट्टा. पट्टा नसलेला कुत्रा हा त्यांच्या लेखी रस्त्यावरचा कुत्रा. त्यातही देशी जातीचा असेल तर प्रश्नच मिटला. लॅब्रॅडोर किंवा पग दिसला तर निदान कुणी तरी थबकते. रस्त्यावरून उचलून प्रेमाने वाढविलेल्या देशी कुत्र्याला ते भाग्य नसते. ज्याने पट्टा घरात काढून ठेवला आणि दार उघडे राहिले, त्याचा कुत्रा चार दिवसांनी कान कापलेला आणि पोटावर टाके असलेला परत मिळाला, तर त्यात कायद्याने कुणाची चूक काढणे अवघड आहे.

मात्र याच नियमांत मालकाच्या उपयोगी पडणारी एक गोष्ट दडलेली आहे. कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, म्हणून प्रत्येक कुत्र्याबरोबर तो कुठून व कोणत्या तारखेला पकडला याची नोंद ठेवावी लागते. इंग्लंडसारखी सात दिवसांची वही आपल्याकडे नाही. पण ही वही आहे. म्हणून शोधाला निघालेल्या माणसाने ‘पांढरा कुत्रा आला आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘अमुक तारखेपासून अमुक वस्तीतून उचललेली कुत्री कोणत्या केंद्रात नेली’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला केंद्रातील कर्मचारी बहुधा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्यासमोर पन्नास पिंजरे असतात आणि त्यांत पांढरी कुत्री दहा. दुसऱ्या प्रश्नाला त्याला वही उघडावी लागते.

हा प्रश्न कुणाला विचारायचा? महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आणि त्या भागाचे काम ज्या संस्थेकडे असेल तिला. शस्त्रक्रियेचे काम अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्था करतात आणि भाग बदलला की संस्था बदलते. तेव्हा शेजारच्या भागातील केंद्रातही विचारणे शहाणपणाचे. बिथरलेला कुत्रा महापालिकेची हद्द ओळखत नाही. पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करून ठेवावी. तिने कुत्रा सापडतोच असे नाही, पण पुढे कुणी तो स्वतःचा असल्याचा दावा केला तर हा कागद मोलाचा ठरतो. प्राण्यांच्या इस्पितळातही चौकशी हवी. गाडीखाली आलेला कुत्रा केंद्रात नव्हे, तर तेथे पोहोचतो. परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे एकोणिसाव्या शतकापासून मुंबईकरांचे त्यासाठीचे ठिकाण आहे.

केंद्रात शक्यतो स्वतः जावे. दूरध्वनीवरील वर्णनात दोन माणसांचा ‘तपकिरी’ रंग कधीच जुळत नाही, आणि जात ओळखण्यात तर अनुभवी माणसेही चुकतात. आणखी एक गोष्ट मालकांना धक्का देऊन जाते : पिंजऱ्यातील कुत्रा त्यांना पाहून उड्या मारीलच असे नाही. अनोळखी वास, भोवतीचा भुंकण्याचा कल्लोळ आणि कोंडलेपण यांमुळे पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावर प्रचंड ताण असतो. तो कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहतो, नावाने हाक मारली तरी मान वळवीत नाही. ‘हा आमचा नव्हे’ असे म्हणून परत फिरण्यापूर्वी थोडा वेळ शांतपणे पिंजऱ्यापाशी बसावे. घरातील एखादे वापरलेले फडके त्याच्या नाकाशी धरावे.

शोध जवळच असतो

निवाऱ्यात खेटे घालताना एका गोष्टीचा विसर पडू नये. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाल्याचे आढळले. त्यांतील ४९ टक्के आसपासच्या वस्तीत शोधल्याने मिळाले. निवाऱ्यात मिळालेले केवळ ६ टक्के होते. आकडे तेथील आहेत. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आणि आपली वाहतूक त्यांत धरलेली नाही. तरीही बोध घेण्यासारखा आहे. भेदरलेला कुत्रा बहुधा पळून पळून थकतो आणि मोटारीखाली, जिन्याखाली, बांधकामाच्या पत्र्यामागे दडून बसतो. दिवसा तो बाहेर पडत नाही. पहाटे, रस्ते निवांत असताना त्याला शोधावे. दिसताच हाका मारीत त्याच्या मागे धावणे हा हमखास फसणारा उपाय होय. खाली बसून त्याला येऊ द्यावे. आणि रखवालदार, दूधवाले, पेपर टाकणारी मुले, भटक्या कुत्र्यांना रोज अन्न घालणारी मंडळी यांना छायाचित्र द्यावे. वस्तीत नवा कुत्रा आला तर तो या शेवटच्या लोकांना पहिल्यांदा कळतो, कारण त्यांची कुत्री त्यांना ते सांगतात.

चिपविषयी बरेच गैरसमज आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. तिच्यात मालकाचे नाव किंवा पत्ताही नसतो. असतो तो फक्त १५ आकडी क्रमांक, आणि तोही वाचक यंत्र जवळ धरले तरच दिसतो. तो क्रमांक कोणत्या नोंदवहीत, कोणत्या दूरध्वनी क्रमांकासमोर लिहिला आहे यावर सारे अवलंबून. २००९ साली अमेरिकेतील ५३ निवाऱ्यांच्या अभ्यासात निवाऱ्यात आलेल्या सर्व मोकाट कुत्र्यांपैकी २२ टक्क्यांच्या आसपास मालकाकडे परतले, तर चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. उरलेल्या ४८ टक्क्यांचे काय झाले? मालक न सापडण्याचे सर्वांत मोठे कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक. घर बदलले की गॅसची नोंदणी आठवणीने बदलणारी माणसे कुत्र्याची नोंद बदलायला विसरतात.

आपल्याकडे केंद्रात वाचक यंत्र आहे का, हे विचारून घ्यावे लागते. त्यामुळे पट्टा आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेला भ्रमणध्वनी क्रमांक यांना अजून तोड नाही. घरातही पट्टा काढू नये. कुत्र्याचे नाव लिहिले नाही तरी चालेल, क्रमांक मात्र हवाच. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. बहुतेकांना हा एक कर वाटतो. प्रत्यक्षात केंद्राच्या दारात मालकी सिद्ध करणारा तो सर्वांत सरळ कागद आहे. त्याच्या जोडीला लसीकरणाची पुस्तिका आणि मालकासोबतची जुनी छायाचित्रे असावीत.

रात्री फाटकाशी बांधलेला कुत्रा

आता दुसरा प्रश्न. पाळलेला कुत्रा सोडून देणे हा गुन्हा आहे काय? आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, वाजवी कारणाविना प्राण्याला अशा स्थितीत सोडणे की भूक-तहानेने त्याचे हाल व्हावेत, हा अपराध ठरतो. शिक्षा मात्र १९६० च्या रुपयांत आहे : पहिल्या अपराधाला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड. एका वेळच्या नाश्त्याहूनही कमी रकमेत कायदा मोडता येत असेल, तर त्याचा धाक कितीसा वाटणार?

दंडापेक्षा मोठी अडचण अशी, की सोडायचा नसेल तर द्यायचा कुठे याचे उत्तर कायदा देत नाही. मालकाचा कुत्रा महापालिकेने स्वीकारलाच पाहिजे, असे निर्बीजीकरणाच्या नियमांत कोठेही म्हटलेले नाही. मग भार पडतो तो खासगी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांवर. त्यांचे पिंजरे जखमी आणि आजारी भटक्या कुत्र्यांनीच भरलेले असतात. धडधाकट पाळीव कुत्र्याला त्या ‘जागा नाही’ म्हणतात आणि ते खरेच असते. नकार ऐकलेला माणूस मग रात्री येऊन फाटकाशी कुत्रा बांधून निघून जातो. त्याच्या दृष्टीने त्याने कुत्रा ‘सुरक्षित हाती’ दिलेला असतो. सकाळी कर्मचाऱ्यांना मिळतो एक मुका प्राणी. त्याचे वय, लस, आजार, तो लहान मुलांत रमतो की चावतो, काहीच ठाऊक नाही. रेबीजची शंका आली तर त्याला वेगळे ठेवून पाहावे लागते. चावलेल्या कुत्र्यासाठी ही निरीक्षणाची मुदत दहा दिवसांची आहे. ज्याचा इतिहास ठाऊक आहे असा कुत्रा तुलनेने लवकर नव्या घरी जातो. निनावी कुत्रा मागे राहतो. म्हणून कुत्रा देताना त्याचे दोष लपवू नयेत. ‘तो एकदा चावला होता’ हे सांगितले तर घेणार नाहीत या भीतीने अनेकजण गप्प बसतात, आणि मग तोच कुत्रा लहान मुले असलेल्या घरी जातो.

कुत्रा सोडण्याची जी कारणे सांगितली जातात त्यांतील काहींना तोड निघू शकते. ‘सोसायटीने बंदी घातली’ हे त्यांपैकी एक. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना, अगदी सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पदाधिकाऱ्यांच्या तोंडी धमकीला घाबरून कुत्रा सोडण्यापूर्वी त्यांच्याकडे लेखी आदेश मागावा. तो बहुधा येत नाही. ‘भुंकतो’, ‘घरात घाण करतो’ या तक्रारींमागे बरेचदा दिवसभराचा एकटेपणा असतो. फॅशनचा वाटाही मोठा आहे. २००३ साली एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. पुढे दाट केसांच्या हस्की आणि सेंट बर्नार्ड या थंड प्रदेशांतील जातींची हौस आली. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हस्कीला वातानुकूलित खोली लागते आणि विजेचे बिल पाहून हौस ओसरते. दोष कुत्र्याचा नसतो, पण शिक्षा त्याला होते.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांचे कारण खरे असते, तरी त्यात पुष्कळदा उशिरा जाग येण्याचा भाग असतो. भारतातून ब्रिटन किंवा युरोपीय संघात कुत्रा नेण्यासाठी आधी चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम आहे. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी चार महिने. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले असून रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. व्हिसा आल्यावर, विमानाला तीन आठवडे राहिले असताना पशुवैद्याकडे धाव घेणाऱ्यांना ‘आता शक्य नाही’ हेच उत्तर मिळते. नोकरीचा अर्ज करतानाच ही तयारी सुरू केली असती, तर त्यांतील काही कुत्री मालकांबरोबर विमानात बसली असती.

काहीच उपाय उरला नाही, तर निवाऱ्यापेक्षा नवे घर शोधणे केव्हाही श्रेयस्कर. नातेवाईक, कुत्र्याला ओळखणारे शेजारी, त्याचा पशुवैद्य यांच्याकडे आधी विचारावे आणि कुत्रा नवे घर मिळेपर्यंत स्वतःच्याच घरी ठेवावा. संस्था कुत्रा घेण्यास राजी झाली तर तिला लेखी हक्कसोड, लसीची पुस्तिका, सध्या चालू असलेली औषधे आणि नेहमीचे अंथरूण द्यावे. काही महिन्यांच्या खर्चाइतकी देणगी देणे हे सौजन्य नव्हे, कर्तव्यच आहे.

न्यायालयाच्या आदेशानंतर

२०२५ साली हा सारा विषय सर्वोच्च न्यायालयात ऐरणीवर आला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीनंतर मूळ जागी सोडावे, असे ठरले. त्याच आदेशात, भटका कुत्रा दत्तक घेणाऱ्याने तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही बजावण्यात आले. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवावीत आणि त्यांना त्याच जागी परत सोडू नये, असा आदेश देशभरासाठी निघाला.

चर्चा झाली ती चावे, रेबीज आणि निवाऱ्यांच्या खर्चाची. पाळीव कुत्र्याच्या मालकाच्या दृष्टीने त्यातील एक परिणाम मात्र फारसा कुणी बोलून दाखविला नाही. आजवर हरवलेला, पट्टा नसलेला कुत्रा चुकून पकडला गेला तरी तो काही दिवसांनी उचललेल्या जागी परत येण्याची शक्यता होती. तो रेल्वे स्थानकाच्या किंवा रुग्णालयाच्या आवारात सापडला, तर आता तो तेथे परत सोडला जाणार नाही. घाबरलेला कुत्रा आडोसा आणि अन्न शोधत नेमका अशाच आवारांत शिरतो. अशा वेळी शोध पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवा आणि ‘कुठून, कधी’ हा प्रश्न स्थानकाच्या अथवा रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही विचारायला हवा. तेथून कुत्री हलविण्याच्या कामात त्यांचाही सहभाग असतो.

कुत्रा परत मिळाला, की त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पिंजऱ्यांच्या दाटीत खोकल्याचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि गोचिडी तर हटकून येतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर काही दिवस दोघांना वेगळे ठेवावे. केंद्रात कोणती लस दिली आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्यावे. नसबंदी झाली असेल तर टाके भरून येईपर्यंत, साधारण दहा दिवस, आंघोळ घालू नये आणि जखम चाटू देऊ नये. फिरायला नेताना पट्टा दोन बोटे आत जातील एवढाच घट्ट असावा. सैल पट्ट्यातून मान मागे ओढून निसटण्याची युक्ती एकदा पळालेल्या कुत्र्याला पक्की ठाऊक झालेली असते.